अनुभव धागा : जवळच्या विमानतळांमधला प्रवास आणि वैमानिकांचे शब्द

नागपूरहून रायपूर, इंदूर अशा जवळच्या शहरांना विमानाने गेलेल्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत आणि प्रवासात कानावर पडलेल्या एखाद्या तांत्रिक शब्दाचा अर्थ कसा उलगडला, तेही आवर्जून सांगावे. सुरुवात मीच करतो.

जुलैतल्या एका रात्री आईला घेऊन मुंबईहून परतत होतो. पाऊस धो धो कोसळत होता. खाली दिवे दिसू लागले आणि आता चाके टेकणार, एवढ्यात इंजिनांचा आवाज वाढून विमान पुन्हा वर झेपावले. आईने माझे मनगट इतके घट्ट धरले की तिच्या बांगडीचा वळ सकाळपर्यंत होता. 'गो-अराउंड' केल्याचे वैमानिकाने सांगितले. मग आकाशात घिरट्या घालणे, म्हणजे 'होल्डिंग', झाले आणि शेवटी आम्हाला रायपूरला नेण्यात आले. तिथे दोन तास विमानातच बसवून ठेवले, पण पुढे काय होणार हे कोणीही नीट सांगितले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. पहाटे रायपूर ते नागपूर हे सुमारे २८० किलोमीटरचे अंतर बघता बघता पार झाले. हवाई वाहतूक नियंत्रणातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी नंतर समजावले, की धावपट्टी वेळेत दिसली नाही किंवा विमान स्थिर नसले, तर उतरणे सोडून वर जाणे हाच नियम आहे. शिवाय 'अल्टरनेट' म्हणजे पर्यायी विमानतळ उड्डाणापूर्वीच ठरलेला असतो आणि तिथवर पोहोचून पुरेल एवढे इंधन भरलेले असते. हे त्या रात्री ठाऊक असते, तर आईला धीर देता आला असता.

— सोनेगाव

मी कामानिमित्त पंख्याच्या एटीआर विमानाने इंदूरला जाते. हवाई अंतर सुमारे ३८० किलोमीटर असूनही तिकिटावर तासाभराहून अधिक वेळ का दिसतो, हे कोडे 'ब्लॉक टाइम' या शब्दाने सुटले. एसटीच्या चाकाला लावतात तशी उटी विमानाच्या चाकालाही असते, तिला 'चॉक' म्हणतात. ही उटी काढून विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबून पुन्हा उटी लागेपर्यंतचा सारा वेळ 'ब्लॉक टाइम'मध्ये धरतात. जवळच्या प्रवासात जमिनीवरचा हा वाटा म्हणूनच डोळ्यांत भरतो.

— धरमपेठ

आपल्या धावपट्टीवर एका टोकाला १४ आणि दुसऱ्या टोकाला ३२ हे आकडे आहेत. होकायंत्रावरची सुमारे १४० आणि ३२० अंशांची दिशा त्यांतून कळते. दोन्ही टोके समोरासमोर असल्याने आकड्यांत नेहमी १८ चा फरक राहतो.

— प्रतापनगर

मुलगी स्कॉटलंडमध्ये असल्याने ऑर्कनी बेटांवर जाणे झाले. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये १९६७ पासून विमानसेवा आहे. अंतर अवघे २.७ किलोमीटर, तर आपली नागपूरची धावपट्टीच ३.२ किलोमीटर लांब! 'आयलँडर' नावाच्या छोट्या विमानात वैमानिकाच्या शेजारच्या आसनावर मला बसवले होते. त्याचा हात पूर्ण वेळ इंजिनांच्या दांड्यांवरच होता. घड्याळ लावून पाहिले. दोन मिनिटे होण्याआधीच समोरच्या गवतात चाके टेकली होती.

— लक्ष्मीनगर