मदत हवी आहे: परदेशात मुलांचा लँग्वेज कॅम्प, पीसीसी (पोलिसांकडून गुन्हा नसल्याचा दाखला) अडकलंय (अर्जंट)

चकलीचा_सोऱ्या:
नमस्कार मंडळी. जुलैमध्ये मुलांच्या इंग्लिश कॅम्पला व्हॉलंटियर म्हणून निवड झालीय. राहणं-खाणं त्यांचं, तिकीट माझं. सगळं ठरल्यावर आता म्हणतायत पीसीसी पाठवा, तेही अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) करून. अर्ज केला होता. हवालदार घरी येऊन गेले, मी नव्हते, आता स्टेटस भलतंच काहीतरी दाखवतंय. फोन कुणी उचलत नाही. एजंट सहा हजार मागतोय. व्हिसाचंही डोक्यावर आहे. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज. गुगल करा म्हणू नका, केलंय.

निवांत_पुणेकर:
कुठला देश? किती दिवस? हवालदार नक्की कुठल्या घरी आले? "भलतंच" म्हणजे काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

जुनं_बाकडं:
इंग्लिश शिकवायला जाताय तर आधी 120 तासांचा टेफल (परक्या भाषिकांना इंग्लिश शिकवण्याचा) कोर्स करून घ्या. माझ्या पुतणीने केला, पुढे व्हिएतनाममध्ये पगारी नोकरी मिळाली. फुकट राबण्यात अर्थ नाही.

चकलीचा_सोऱ्या:
कोर्सचं विचारलं नाहीये हो काका.

बर्फातला_बंड्या:
भाषेचा कॅम्प म्हणजे मिनेसोटातला बघावा. बेमिजीजवळ कॉनकॉर्डिया लँग्वेज व्हिलेजेस, 1961 पासून चालू आहेत. जर्मनचं गाव वाल्डझे, नॉर्वेजियनचं स्कोगफ्योर्डन. पोरं आल्या आल्या नवं नाव घेतात आणि ताटात वाढून घ्यायचं तरी त्याच भाषेत मागायचं. भाचीला सोडायला गेलो होतो, पोरगी दोन आठवड्यांनी आम्हाला ओळख दाखवेना. तिथं ट्राय करा.

निवांत_पुणेकर:
बंड्याभाऊ, तिची निवड झालीय, जागा शोधत नाहीये ती. ताई, देश?

चकलीचा_सोऱ्या:
पोलंड. झाकोपानेच्या बाजूला डोंगरात. दोन आठवडे. मी पुण्यात हॉस्टेलला, पासपोर्टवर गावचा पत्ता (सोलापूर जिल्हा). पोलीस गावी गेले. आईने सांगितलं ती पुण्याला असते. स्टेटसला "पोलीस अहवाल प्रतिकूल" असं आलंय. माझ्यावर साधी ट्रॅफिकची पावती नाहीये!!

खाकी_शेजारी:
एवढंच ना? गावच्या पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र ऑनलाइन काढा, महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर. माझ्या मुलाने नोकरीसाठी काढलं, आठवड्यात आलं.

शिक्का_मारके:
खाकीसाहेब, ते नोकरीला चालतं. परदेशासाठी पासपोर्ट सेवेवरून काढलेलंच पीसीसी घ्यावं, फी 500 रुपये. स्थानिक पोलिसांचं घेतलं तर अपॉस्टिलच्या आधी राज्य सरकारची साक्षांकनं करत बसावं लागतं. पासपोर्ट ऑफिसचं असेल तर थेट परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल होतं. त्याची सरकारी फी 50 रुपये, वर एजन्सीचा चार्ज. सहा हजार कशाचे ते एजंटला लिहून मागा.

खाकी_शेजारी:
आमचं काम झालं होतं एवढंच सांगितलं. प्रत्येक ठिकाणी दिल्लीच कशाला लागते देव जाणे.

शिक्का_मारके:
ताई, "प्रतिकूल" म्हणजे गुन्हा सापडला असं नाही. तुम्ही पत्त्यावर सापडला नाहीत तरी तेच येतं. नवीन अर्ज करू नका. बाणेर-पाषाण लिंक रोडच्या रिजनल पासपोर्ट ऑफिसला (आरपीओ) जा, मुंढव्याच्या सेवा केंद्रात नाही. चौकशीची अपॉइंटमेंट घेऊन हॉस्टेलचं बोनाफाइड, गावचं आधार, कॅम्पचं पत्र दाखवा आणि पुन्हा पोलीस पडताळणी मागा. त्या दिवशी गावी हजर राहा, दोन शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

संशयी_आत्मा:
मला वेगळीच शंका. दोन आठवड्यांच्या फुकट कामाला पीसीसी? पैसे मागितलेत का आधी?

चकलीचा_सोऱ्या:
नाही मागितले. फक्त पीसीसी.

वॉर्सातली_वहिनी:
संशयी, पोलंडमध्ये ते कायद्यानेच लागतं. मुलांवरच्या अत्याचाराच्या एका भयंकर प्रकरणानंतर कायदा कडक झाला, फेब्रुवारी 2024 पासून लागू आहे. मुलांसोबत काम करणाऱ्याला, व्हॉलंटियर असला तरी, स्वतःच्या देशाचा गुन्हेगारी नोंदीचा दाखला द्यावा लागतो. उलट ज्यांनी मागितलाच नाही त्यांच्याकडे जाताना विचार करा. आणि खात्री हवी असेल तर इथं मुलांच्या प्रत्येक सुट्टीच्या कॅम्पची नोंद शिक्षण खात्याकडे करावी लागते, ती यादी शिक्षण मंत्रालयाच्या साइटवर उघडी असते. कॅम्पवाल्यांकडून नोंदणी क्रमांक मागा. पोलिश भाषांतर कोणाकडून करायचं तेही आत्ताच विचारा, शपथबद्ध भाषांतरकाराचं मागितलं तर ते इथूनच करून घेणं सोपं.

पन्हाळ्याचा_वारा:
पोलंडला चाललाय आणि कोल्हापूरचं नाव नाही काढायचं? वळिवड्याला 1943 ते 48 पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, बायका-पोरंच जास्त. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. पोरांना ही गोष्ट सांगा, इंग्लिश आपोआप येईल.

इतिहासाचा_किडा:
हे सगळं जामनगरच्या जामसाहेबांमुळे झालं.

पन्हाळ्याचा_वारा:
जामसाहेबांनी पोलिश मुलांना ठेवलं ते जामनगरजवळचं बालाचडी वेगळं, वळिवडे वेगळं. कोल्हापूरचं श्रेय काठियावाडला देऊ नका राव.

निवांत_पुणेकर:
अवांतरासाठी दुसरा धागा काढा. ताई, व्हिसा: पीसीसी कॅम्पला हवंय, त्यासाठी व्हिसाचा अर्ज थांबवायची गरज नाही. मात्र पासपोर्ट व्हिसाला गेला की आरपीओत मूळ पासपोर्ट दाखवता येणार नाही, म्हणून आधी आरपीओ, मग व्हिसा. शेंगेनचा (पोलंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून 15 दिवस आधीपर्यंत देता येतो, पण 15 दिवसांवर कोणी ठेवू नये, निर्णयाला कधीकधी 45 दिवसही लागतात. फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा. फॉर्ममध्ये उद्देश "पर्यटन" टाकू नका. "इतर" असा पर्याय आहे, तिथं बिनपगारी व्हॉलंटियर असं लिहा आणि पत्रातही तेच शब्द असू द्यात.

जुनं_बाकडं:
सगळे पर्यटन टाकूनच जातात. उगाच भीती घालू नका.

निवांत_पुणेकर:
जातात, आणि विमानतळावर "कुठे उतरणार" विचारल्यावर शाळेचं नाव सांगतात. तुम्ही टाका.

मैदानी_माणूस:
कबड्डी शिकवा तिकडे. 2016 च्या अहमदाबादच्या वर्ल्ड कपला पोलंडची टीम आली होती. दम धरून "कबड्डी कबड्डी" म्हणायला लावा, बघा कशी पोरं पेटतात. खडू मात्र घेऊन जा, डोंगरात मिळायचा नाही.

चकलीचा_सोऱ्या:
आरपीओला जाऊन आले. काउंटरवरच्या बाईंनी हॉस्टेलचं पत्र बघितलं, गावच्या पोलिसांचा शेरा दाखवला: "अर्जदार मिळून आली नाही." बस, एवढंच. पुन्हा पडताळणी टाकलीय. शनिवारी गावी जातेय, आईला सांगितलंय हवालदारांना चहा पाजायचाच. वहिनी, कॅम्पवाल्यांनी नोंदणी क्रमांक पाठवला, यादीत सापडला. भाषांतराचं विचारलंय, उत्तर आलं नाही. एजंटला नको म्हटलं.

शिक्का_मारके:
पीसीसी हातात आल्यावर स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा, मगच अपॉस्टिलला द्या.

संध्याछाया:
छान धागा. मी निवृत्त शिक्षिका, वय 61. मलाही असं जाता येईल का? गुडघे ठीक आहेत.

बर्फातला_बंड्या:
मॅडम, तुम्ही मिनेसोटा बघा.