इलेक्ट्रॉनिक गिअर घ्यावेत का? मदत हवी आहे, जरा घाईत

उतारावर_ब्रेक
थोडक्यात विचारतो. गिअरने वैताग आणलाय. सलग तीन रविवार बोपदेव घाटात ऐन चढावर चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर जातच नाही, आणि गेलीच तर कटकन खाली उतरते. दुकानात दोनदा ट्यूनिंग करून घेतलं, चार दिवस बरं चालतं, परत तेच. आता दुकानदार म्हणतो मेकॅनिकलचा जमाना गेला, इलेक्ट्रॉनिक टाका, सव्वा लाखात सगळं बसवून देतो. 22 दिवसांनी 600 ची बीआरएम आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत 600 किमी सायकल चालवायची. घ्यावं की नाही? हो किंवा नाही एवढंच सांगा, शनिवारी ॲडव्हान्स द्यायचाय.

खडीचढ
हो किंवा नाहीच हवं असेल तर नाणं उडव. सायकल कुठली? किती स्पीड? ब्रेक डिस्कचे का रिमचे (चाकाच्या कडेला दाबणारे)? किती जुनी?

उतारावर_ब्रेक
चांगली कार्बनची आहे, 11 स्पीड, म्हणजे मागे 11 गिअर. अडचण सायकलची नाहीये हो, प्रश्न इलेक्ट्रॉनिकचा आहे.

खडीचढ
डिस्क का रिम?

तीनशे_झाले
डोळे झाकून घे. मी दोन वर्षांपूर्वी शिमानोचं 105 डीआय2 (त्यांचे इलेक्ट्रॉनिक गिअर) घेतलं, 9 हजार किमी झाले. विकत घेताना बायकोला किंमत निम्मी सांगितली होती, तो भाग सोड. फायदा सपाटीवर कळत नाही. रात्री दोन वाजता, 250 किमी झाल्यावर, पंजात जोर उरत नाही तेव्हा कळतो. पुढची चकती बदलायला मेकॅनिकलमध्ये डावा लिव्हर चांगला रेटावा लागतो, इथे माऊसच्या बटणासारखं टिक केलं की झालं. शिवाय मागे गिअर बदलत गेलास की पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आपण होऊन सरकून घेतो, चेन घासत नाही. बॅटरी एका चार्जवर 1000 किमीच्या आसपास जाते, म्हणजे 600 ला चार्जर घरी ठेवून जा.

पॅडलपांडू
डीआय2 च का? आमच्या स्रॅम कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक गिअरला वायरच नाही. शिमानोच्या 12 स्पीडमध्ये शिफ्टर (हँडलवरचे गिअर लिव्हर) वायरलेस असले तरी दोन्ही डिरेलरपासून सीटपोस्टमधल्या बॅटरीपर्यंत वायर आहेच. स्रॅमला पुढे एक बॅटरी, मागे एक, दोन्ही सारख्याच. मागची संपली तर पुढची काढून मागे लाव आणि घरी ये. खिशात जादा बॅटरी टाकली की चिंता मिटली. विमानात जातानाही बॅटऱ्या काढून हातसामानात टाकायच्या.

तीनशे_झाले
60 तासांत संपते म्हणून जादा बॅटरी खिशात घेऊन फिरावी लागते, हे सांगायचं राहिलं का?

पॅडलपांडू
600 ला वेळ 40 तासांची असते. गणित कर.

तीनशे_झाले
केलं. पुढची चकती बदलताना दोघांची तुलना कर, मग बोलू.

वामकुक्षी
माझ्या मेव्हण्याने गेल्या वर्षी घेतली आहे. एक लक्षात ठेवा, मोटर 250 वॅटपर्यंत आणि वेग ताशी 25 किमीपर्यंत असेल तर रजिस्ट्रेशन, लायसन्स काही लागत नाही. घाटात मात्र बॅटरी लवकर उतरते. पावसात चार्जिंगचं तोंड झाकून ठेवा.

खडीचढ
काका, ती ई-बाईक. इथे पाय त्यालाच मारायचेत, फक्त गिअर बदलायला छोटी मोटर असते.

वामकुक्षी
मग एवढे पैसे देऊन पाय मारायचेच? असो.

जुनीसायकल
माझ्या स्टीलच्या सायकलला गिअरचे लिव्हर अजून फ्रेमच्या खालच्या नळीवर आहेत. क्लिक नाही, काही नाही, कानाने ऐकून चेन बसवायची. ही बटणांची हौस नवी नाही बरं का. फ्रान्सच्या माविकने 1992 मध्ये झॅप नावाची इलेक्ट्रॉनिक पद्धत आणली होती, मग 1999 मध्ये मेक्ट्रॉनिक, तीही बिनतारी. दोन्ही पावसाला भ्यायच्या. शेवटी 2009 मध्ये शिमानोने ड्युरा-एस मालिकेचं डीआय2 काढलं तेव्हा कुठे हे लोकांना विश्वासाचं वाटायला लागलं. मी अजूनही थांबलोय.

मधुरा_ठाणे
सगळे शर्यतीच्या चष्म्यातूनच बोलताय. मला हाताच्या सांध्यांचा संधिवात आहे. मेकॅनिकल डावा लिव्हर दाबताना अंगठ्याच्या मुळाशी कळ जायची, म्हणून मी पुढची चकती बदलणंच टाळायचे आणि येऊरचा चढ चुकीच्या गिअरमध्ये रडतखडत चढायचे. इलेक्ट्रॉनिक घेतल्यावर सायकल सोडावी लागली नाही. माझ्यासाठी पैसे वसूल. पण धागाकर्त्याच्या हाताला काही होतंय असं त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही. दुखतंय का हात?

उतारावर_ब्रेक
नाही, हात ठणठणीत आहे.

उट्रेख्तकर
इथे नेदरलँड्समध्ये चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, त्यामुळे माझं मत कितपत धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जानेवारीत जाड हातमोजे घालून लिव्हरचा धक्का बोटांना कळतच नाही, तिथे बटण बरं पडतं. उलट बाजूही सांगतो. एकदा लाल दिवा लागलेला बघूनही आळसाने निघालो. आधी पुढचा डिरेलर मान टाकतो, मागचा थोडा वेळ साथ देतो, मग तोही जिथे असेल तिथे थांबतो. समोरून वारा, मोठी चकती, आणि 40 किमी. तेव्हापासून बॅटरीचा दिवा रोज बघतो. आणि शिफ्टरमध्ये बटणासारखे छोटे सेल असतात, ते वेगळे. ते दीडदोन वर्षांनी बदलायचे असतात आणि सगळे विसरतात.

शुद्धलेखक
एक विनंती. डिरेलर, शिफ्टर, ट्यूनिंग... मराठीत काही बोलणार आहोत की नाही? 'साखळीपालट' असा साधा शब्द होऊ शकतो.

पॅडलपांडू
'मिस्त्री, साखळीपालट बिघडलाय' असं दुकानात सांगून बघा आणि काय मिळतं ते इथे लिहा.

शुद्धलेखक
आमच्या लहानपणी मिस्त्रीच मडगार्ड, चिमटा, खोबणी असे शब्द वापरायचे. शब्द वापरले की रुळतात.

जुनीसायकल
मडगार्ड कधीपासून मराठी झालं?

नाशिककर_रँडो
उतारावर_ब्रेक, बाकीचं राहू दे. मागच्या गिअरची केबल शेवटची कधी बदलली?

उतारावर_ब्रेक
कसली केबल? ब्रेकची गेल्या दिवाळीत बदलली.

नाशिककर_रँडो
गिअरची. शिफ्टरपासून मागच्या डिरेलरपर्यंत जाते ती.

उतारावर_ब्रेक
ती बदलायची असते? सायकल घेतल्यापासून नाही बदलली. चार वर्षं झाली, साधारण 14 हजार किमी. दर पावसाळ्यात ताम्हिणी असतेच.

नाशिककर_रँडो
आलं लक्षात. केबल शिफ्टरच्या आत एका छोट्या गुंडाळीवर फार आखूड वळण घेते. रोज शेकडो वेळा वाकून तिचे बारीक तंतू एकेक करून तुटतात. तंतू तुटले की केबल ताणली जाते, आणि सगळ्यात मोठ्या चकतीपर्यंत जायला ओढ पुरत नाही. दुकानदार डिरेलरपाशी असलेला स्क्रू दोन वेढे फिरवून ताण वाढवतो, चार दिवस चालतं, आणखी दोन तंतू जातात. तुझी गोष्ट अगदी हीच आहे. उलट, चेन मोठ्यावरून लहान चकतीवर उतरायला कुरकुर करत असती तर मी आवरणात गंज, चिखल म्हटलं असतं.

हे कर: ब्रेक-लिव्हरवरचं रबर मागे गुंडाळ, मागचा गिअर सगळ्यात लहान चकतीवर आण, आणि मोबाइलच्या टॉर्चने केबलचं डोकं बसतं तिथे बघ. फोटो टाक. तोपर्यंत लांब जाऊ नकोस. घाटात तुटली तर स्प्रिंग चेनला थेट 11 दात्यांच्या चकतीवर नेते आणि मग सायकल ढकलायची.

तीनशे_झाले
हँगर (मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा तुकडा) पण बघ, सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर वाकतो. वाकलेल्या हँगरवर डीआय2 लावलं तरी ते तसंच चुकणार. चेनही मोजून घे, 0.5 टक्के झिजली असेल तर बदल.

खडीचढ
आणि डिस्क का रिम ते सांग!

उतारावर_ब्रेक
रिम. सांगितलं होतं ना? नाही वाटतं.

खडीचढ
मग सव्वा लाखात तो बसवणार तरी काय होता? 105 डीआय2 फक्त हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठी येतं. स्रॅमचं रायव्हल एएक्सएसही तसंच. रिम ब्रेकच्या फ्रेमला डिस्क बसवायला जागाच नसते. म्हणजे एकतर जुना 11 स्पीडचा साठा खपवतोय, नाहीतर नंतर 'फ्रेम पण घ्या' म्हणणार. ॲडव्हान्स देण्याआधी मॉडेल नंबर लिहून माग.

पॅडलपांडू
या मुद्द्यावर मी आणि तीनशे_झाले एकत्र. हा दिवस नोंदवून ठेवा.

मधुरा_ठाणे
पुढे कधी नवी सायकल घेणार असाल तर तेव्हा इलेक्ट्रॉनिक लावलेलीच घ्या, जुनीवर चढवणं महागात पडतं. आणि 600 च्या तीन आठवडे आधी नवा ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा पूर्ण संच) अंगवळणी पडायलाही वेळ लागतो. स्रॅममध्ये तर पद्धतच वेगळी, उजवं बटण जड गिअर, डावं हलका, दोन्ही एकदम दाबले की पुढची चकती. रात्री झोपेत उलटंच दाबलं जातं.

उतारावर_ब्रेक
रबर गुंडाळलं. केबलचे बहुतेक तंतू तुटलेत, दोनच शाबूत दिसतायत, बाकी कुंच्यासारखे फिस्कारलेत. फोटो अपलोड होत नाहीये. नाशिककर, तुम्ही देव आहात. आता ओढून काढतो.

नाशिककर_रँडो
थांब! ओढू नकोस. आणि गिअर टकटक करत बसू नकोस, तुटके तंतू आतल्या दातेरी चाकात गुंडाळले जातात.

उतारावर_ब्रेक
ओढली. तुटली. डोकं आतच राहिलं.

जुनीसायकल
माझा लिव्हर फ्रेमवर आहे, डोकं समोरच दिसतं. सहज सांगितलं.

नाशिककर_रँडो
हरकत नाही, घाबरू नकोस. शिफ्टर सगळ्यात लहान चकतीच्या जागीच राहू दे, तिथेच डोक्यासमोर भोक येतं. टॉर्च तोंडात धर. आधी बारीक चिमट्याने, भुवयांचा चालेल, सुटे तंतू एकेक करून काढ. मग जुन्या स्पोकचं टोक डोक्याच्या मागून हलकं लाव आणि भोकाकडे ढकल. अडकलं तर थोडं वंगण फवार, अर्धा तास जाऊ दे, परत कर. जोर अजिबात नको. अगदीच नाही निघालं तरी एक सुटा शिफ्टर सव्वा लाखाच्या जवळपासही जात नाही. कंपनी कोणती आहे? शिफ्टरच्या खालच्या बाजूला छोटं झाकण असेल तर काम सोपं.

वामकुक्षी
मेव्हण्याच्या सायकलला केबलच नाही. त्याला हा त्रास नाही.

खडीचढ
काका, त्याला गिअर आहेत का?

वामकुक्षी
नाहीत.

उतारावर_ब्रेक
निघालं!!! दोन तास गेले, बायकोचा चिमटा वाकला, पण निघालं. नवी केबल आणि आवरण बाजारातून आणलं, पाचशेच्या आत काम झालं. दुकानदाराला फोन करून शनिवारी येत नाही म्हटलं, तो म्हणाला, पश्चात्ताप होईल.

शेवटचं एक. फ्रेमच्या आत नवी केबल कशी घालायची? समोरच्या भोकातून घालतोय तर मागच्या बाजूला बाहेरच येत नाहीये.

नाशिककर_रँडो
जुनी केबल अजून आत आहे ना? तिच्यावरून बारीक नळी सरकव, मग जुनी काढ, नळीतून नवी घाल. पाच मिनिटं.

उतारावर_ब्रेक
जुनी मी कालच काढून टाकली. सफाई करत होतो.

तीनशे_झाले
😂

नाशिककर_रँडो
बरं. आत पूर्ण लांबीचं आवरण किंवा नळी असेल तर केबल सरळ जायला हवी होती. जात नाही म्हणजे नसावी. घरी व्हॅक्युम क्लीनर आहे? मागच्या भोकाला त्याची नळी लाव, कडेने चिकटपट्टी गुंडाळून हवा अडव, आणि पुढच्या भोकातून शिवणाचा दोरा सोड. दोरा शोषला जाऊन मागे निघतो. त्याला जरा जाड दोरी बांध, दोरीला केबल बांध, ओढून घे. केबलच्या टोकाला गाठीऐवजी चिकटपट्टी लाव, नाहीतर भोकात अडकेल. दोऱ्याचं दुसरं टोक पायाखाली दाबून ठेव, अख्खं रीळ आत जाऊ देऊ नकोस.

आणि कंपनी कोणती ते आता तरी सांग.

उतारावर_ब्रेक
व्हॅक्युम शेजाऱ्यांकडे आहे, आणतो. रीळ गेलं तर इथेच लिहीन.