मदत हवी आहे: सातव्या महिन्यात साखर वाढली आहे, सदाफुलीची पानं खाल्ली तर चालतील का?

माळवी_माहेर
नमस्कार मंडळी. सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासली, दोन तासांनंतरची १५८ आली. डॉक्टरीणबाईंनी आधी दोन आठवडे पथ्य आणि चालणं सांगितलंय. त्याने नाही उतरली तर गोळी किंवा इन्सुलिन.

इन्सुलिनचं नाव निघालं आणि घरात सभा भरली. माझ्या आतेसासूबाई रामबागेत राहतात, त्यांना स्वतःला जुना डायबेटिस आहे. त्या रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची पानं चावून खातात (इंदुरात सगळे सदाबहारच म्हणतात). दुसऱ्याच दिवशी त्या कुंडी घेऊन हजर! सोबत सियागंजातून आणलेली मेथीपूड, कारल्याच्या रसाची बाटली आणि खोकला झाला तर असावं म्हणून ज्येष्ठमध. "झाडपाला आहे गं, औषध थोडंच आहे" हे त्यांचं पालुपद. सासूबाई बिचाऱ्या मधल्या मध्ये अडकल्यात, नणंदेला नाही कसं म्हणणार.

मी अजून यातलं काहीच घेतलेलं नाही. यातलं काय चालतं आणि काय अजिबात नाही? आणि आत्याबाईंना न दुखावता सांगायचं कसं? गरोदर बाईला मतं फार मिळतात, कारणं कोणी सांगत नाही. मला कारण हवंय.

भिया_रामराम
डॉक्टरांना विचारा. धागा बंद.

माळवी_माहेर
विचारणारच आहे हो, पण पुढची तारीख लांब आहे आणि कुंडी आत्ता ओट्यावर आहे.

फार्मसी_मास्तर
मी औषधशास्त्र शिकवतो, तुमचा डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा. सदाफुली नको. चार पानंही नकोत आणि काढाही नको.

कारण मागितलंत म्हणून सांगतो. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे दोघं नेमकं तुमच्या आत्याबाईंचंच म्हणणं तपासत होते. जमैकात लोक डायबेटिसवर या पानांचा चहा पीत, त्यामुळे पानं तिकडून आली होती. उंदरांना अर्क दिला. साखर काही हलली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. त्याचा माग काढता काढता १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती लागलं, पुढे त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन. आज ही दोन्ही कॅन्सरची औषधं आहेत. पेशी दुभंगताना आत जे धाग्यांचं जाळं तयार होतं ते ही औषधं होऊच देत नाहीत, म्हणून पेशीची वाढ थांबते. पोटातल्या बाळाचं तर सगळं कामच पेशी दुभंगण्यावर चाललेलं असतं.

उगीच घाबरवायचं नाही म्हणून हेही सांगतो, की पानात हे द्रव्य अगदी किंचित असतं. औषधाचा एक ग्रॅम काढायला शेकडो किलो पानं लागतात. पण झाड, ऋतू, पान कोवळं की जून यावर प्रमाण बदलत राहतं, आणि गरोदर बाईसाठी सुरक्षित अशी मात्राच ठरलेली नाही. ज्याचा फायदा सिद्ध नाही आणि ज्याची मात्रा माहीत नाही, ते या दिवसांत कशाला घ्यायचं?

जुना_वाडा
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात, कोणाला काही झालं नाही. आयुर्वेदातलंच आहे हे. आणि तुमची ती डायबेटिसची मेटफॉर्मिनची गोळीसुद्धा झाडातूनच आली ना मास्तर?

फार्मसी_मास्तर
सदाफुली मूळची मादागास्करची आहे हो. चरक-सुश्रुतात ती सापडायची नाही. वाटल्यास चांगल्या वैद्याला विचारून बघा.

मेटफॉर्मिनचा मुद्दा मात्र छान काढलात. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात गॅलेजिन असतं, ते साखर उतरवतं खरं, पण ते झुडूप खाऊन गुरं मेल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून डॉक्टर गॅलेगाचा काढा देत नाहीत. त्याच्या रचनेशी नातं असलेलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं गेलं, औषध म्हणून १९५७ मध्ये पुढे आलं, आणि आज त्याची प्रत्येक गोळी मिलिग्रॅममध्ये मोजलेली असते. मी झाडाच्या विरोधात नाही, बेहिशेबी मात्रेच्या विरोधात आहे.

इन्सुलिनला घाबरणाऱ्या घरच्यांना एवढंच सांगा की ते वार (आईकडून बाळाला पोषण पोचवणारा अवयव, प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचत नाही. मेटफॉर्मिन पोचतं. ज्याला सगळे घाबरतात ते सुईचं औषध या बाबतीत उलट सोवळं आहे.

अलकापुरी_वडोदरा
बाकीच्या तिन्हींचं मी सांगते, मागच्या वर्षी मला हाच त्रास होता आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे मी प्रश्नांची यादीच घेऊन जायचे.

कारलं: भाजी खुशाल खा. रसाची बाटली परत पाठवा. कारल्याच्या बियांमधल्या मोमोर्करिन नावाच्या प्रथिनांनी उंदरांमध्ये गर्भपात झालेले आहेत. भाजीत आपण बिया काढतो, रस काढताना अख्खं कारलं मिक्सरमध्ये जातं.

मेथी: फोडणीत, पालेभाजीत, थेपल्यात बिनधास्त (मी बडोद्याची, थेपल्याची बाजू घेणारच). पण चमचे-चमचे पूड नको. शेवटच्या दिवसांत खूप मेथी खाल्ली तर बाळाच्या लघवीला आणि अंगाला गोडसर, पाकासारखा वास येतो. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात बाळाला तसाच वास येतो, म्हणून डॉक्टर विनाकारण तपासण्यांच्या मागे लागतात. तुम्ही मेथी खाल्ली होती हे तेव्हा सांगायचं कोणाला सुचणार!

ज्येष्ठमध: हा सगळ्यांत साळसूद. त्यातलं ग्लिसरायझिन रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. आईचं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) बाळाकडे जाताना वारेतलं एक एन्झाइम त्याला निष्प्रभ करतं, ग्लिसरायझिन त्या एन्झाइमलाच अडवतं, म्हणजे बाळापर्यंत ते जास्त पोचतं. फिनलंडमध्ये २०१६ पासून गरोदर बायकांना ते न खाण्याचाच सल्ला आहे. खोकल्याला मीठ-पाण्याच्या गुळण्या करा, आणि आयुर्वेदिक कफ सिरप घेण्याआधी लेबलावर 'यष्टिमधु' (म्हणजे ज्येष्ठमधच) आहे का बघा.

माळवी_माहेर
मास्तर, अलकापुरीताई, हेच हवं होतं. उंदरांची गोष्ट मी आत्ताच जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली. आत्याबाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मग मी खाऊ की नको?" त्या गोळ्यासुद्धा घेतात.

फार्मसी_मास्तर
त्यांनीही पानं खातो हे त्यांच्या डॉक्टरांना सांगावं, रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि तोवर थांबावं. आणि कुंडी राहू द्या, बाराही महिने फुलं येतात. पूजेला वाहा, खाऊ नका. आत्याबाईंचा मानही राहील.

माळवी_माहेर
हे बेस्ट. आता शेवटचा, इंदुरी प्रश्न. पोहे?

अलकापुरी_वडोदरा
एक छोटी वाटी, त्यात मटार-शेंगदाणे भरपूर, वरून शेव चिमूटभर, जोडीला मोड आलेले मूग किंवा ताक. खाल्ल्यावर पंधरा मिनिटं चाला आणि दोन तासांनी साखर बघा. मला १२० च्या आत ठेवायला सांगितलं होतं, उपाशीपोटीची ९५ च्या आत. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले आकडे पाळा. आत बसले तर पोहे तुमचे.

भिया_रामराम
आणि जिलेबी?

अलकापुरी_वडोदरा
भिया, तुम्ही धागा बंद केला होतात ना?