सुरांच्या स्वरचित भाषेचे रोमन लेखन: खूण डोक्यावर द्यावी की अक्षर शेवटी जोडावे?

लष्करवासी (ग्वाल्हेर):

नमस्कार. मी आणि माझा इंदूरचा मामेभाऊ गेली सहा वर्षे एक भाषा रचत आहोत. तिच्यात सुराने अर्थ बदलतो. (टोनला मी 'सूर' म्हणते आहे, कारण 'स्वर' म्हटले की आपल्याला अ, आ, इ आठवतात आणि पुढे घोटाळा होतो.) सूर तीनच आहेत: उंच, खालचा आणि उतरता. 'लो' हा शब्द उंच सुरात म्हटला तर पाणी, खालच्या सुरात पिणे आणि उतरत्या सुरात तहान. जवळजवळ प्रत्येक शब्दाची अशी तीन रूपे होतात, त्यामुळे सूर हेच आमचे व्याकरण आहे. शब्दाच्या शेवटी व्यंजन आलेच तर ते न किंवा ङ असते.

ज्या मित्रांशी आम्ही या भाषेत पत्रव्यवहार करतो त्यांना देवनागरी येत नाही, म्हणून लिपी रोमन घेतली. उंच सुराला उजवीकडे चढणारी तिरपी रेघ, खालच्या सुराला उजवीकडे उतरणारी रेघ आणि उतरत्या सुराला टोपी अशा खुणा ठरवल्या. आमचा सहावा स्वर ओठ गोल करून म्हटलेला 'ए' आहे. तो ओ या रोमन अक्षरावर दोन टिंबे देऊन लिहितो आणि सुराची खूण त्या टिंबांच्याही वर देतो.

गेल्या दिवाळीत २४ पानांची पुस्तिका इथल्याच एका छापखान्यात छापून घेतली. हातात आली तेव्हा टिंबांच्या ओवरची खूण कुठे घसरून पुढच्या अक्षरावर गेली होती, तर कुठे तिच्या जागी पोकळ चौकोन होता. तेव्हापासून भाऊ म्हणतो की खुणा काढून टाकाव्यात, खालच्या सुराला शब्दाच्या शेवटी एच आणि उतरत्याला एक्स जोडावा. पण 'पिणे' हा शब्द एल-ओ-एच असा लिहिलेला मला पाहवत नाही. जे अक्षर कोणी उच्चारत नाही, ते शब्दाच्या अंगाला कायमचे चिकटून राहते. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

तंबोरा:

आपण ग्वाल्हेरच्या आहात म्हणून आपल्याच शहरातल्या गोष्टीपासून सुरुवात करतो. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने भातखंड्यांनी येथे माधव संगीत विद्यालय सुरू केले. त्यांच्या स्वरलिपीची जुनी वही काढून पाहा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, आणि शुद्ध स्वर, मध्य सप्तक यांना काहीच नाही. पानावर सर्वांत जास्त जे येते ते कोरे ठेवले आहे, म्हणून ती लिपी गाता गाता वाचता येते. आपण मात्र तिन्ही सुरांना खुणा दिल्या आहेत, आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच आहे.

सुझेट हेडन एल्गिन यांनी १९८२ मध्ये रचलेल्या लादान भाषेत दोनच सूर आहेत. त्यांतल्या उंच सुरालाच खूण दिली जाते आणि खालचा कोरा राहतो. एक सावधगिरी मात्र ऋग्वेदाच्या पोथ्यांतून शिकावी. त्यांत अनुदात्त म्हणजे खालच्या सुराखाली आडवी रेघ आणि स्वरित म्हणजे उतरत्या सुरावर उभी रेघ असते, उदात्त म्हणजे उंच सूर कोरा असतो; पण स्वरितानंतरची प्रचय, म्हणजे सलग एकाच सुरात म्हणायची, अक्षरेही कोरीच असतात, म्हणून कोऱ्या अक्षराचा सूर शेजारच्या अक्षरांवरून ठरवावा लागतो. मुखोद्गत संहितेला हे चालते, पत्राने शिकणाऱ्या मित्राला चालणार नाही. कोऱ्या जागेचा अर्थ एकच असू द्या. कोणता सूर कोरा ठेवायचा हे शब्दकोशातून न ठरवता सलग मजकुरातली दोन-तीन पाने मोजून ठरवा.

जिवाजीगंज:

आपल्या भावाची सूचना निराधार नाही, हे आधी सांगायला हवे. १९५० च्या दशकात लाओसमध्ये ह्मोंग भाषेसाठी जी रोमन लिपी तयार झाली तिच्यात सूर शब्दाच्या शेवटच्या अक्षरानेच दाखवतात. त्या लोकांचे स्वतःचे नावच एच-एम-ओ-ओ-बी असे लिहितात. शेवटचा बी उच्चारायचा नसतो, तो उंच सूर सांगतो. आणि दोन ओ मिळून शेवटचा ङ सांगतात. तिथे हे निभते, कारण शब्दाच्या शेवटी दुसरे व्यंजन येतच नाही आणि बहुतेक प्रत्येक उच्चारखंड सुटा लिहिला जातो.

तुमच्याकडे स्वराने सुरू होणारा एखादा प्रत्यय आहे का? असेल तर एल-ओ-एच ला नुसते रोमन अक्षर ए जोडून पाहा. वाचणारा ते 'लोहा' असेच वाचेल आणि खालचा सूर हरवून एक नवेच व्यंजन जन्माला येईल. एक्स तुमच्या भाषेत अन्यत्र वापरात नसेल तर तो निदान फसवणार नाही, पण एच नक्की फसवेल.

शब्दाचे स्पेलिंगच सुरानुसार बदलण्याचा मार्ग चीनमध्ये १९२८ साली अधिकृत झाला होता. युआन रेन चाओ प्रभृतींच्या त्या पद्धतीची आठवण नकाशात अजून आहे. शेजारशेजारच्या दोन शान्शी प्रांतांपैकी एकाच्या रोमन नावात ए दोनदा येतो, तो तिसऱ्या सुरासाठी. पण तुमच्याकडे पाणी, पिणे आणि तहान ही एकाच मुळाची रूपे आहेत आणि ती डोळ्यांनाही एका घरातली दिसली पाहिजेत. २०१३ पासून घडत असलेल्या तोआक या तर्कभाषेतही (तर्कशास्त्राच्या नियमांवर रचलेल्या भाषेतही) सूर वाक्यातले कार्य सांगतो. तिथे मूळ शब्दाची अक्षरे जशीच्या तशी राहतात आणि फक्त स्वरावरची खूण बदलते. (त्या नावातला शेवटचा क्यू खरे तर ङ आहे. तुम्ही ङ साठी दोन अक्षरे खर्च करत असाल तर ही युक्ती घेण्यासारखी आहे.) माझे मत खुणांच्याच बाजूने आहे.

खिळेजुळारी:

मी बरीच वर्षे अक्षरजुळणी केली आहे, त्यामुळे पोकळ चौकोनाचे कारण सांगू शकतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला संकेतांक ठरवून देणाऱ्या यादीत, ए, ई, आय, ओ, यू या पाचांवर तुमच्या तिन्ही खुणा बसवलेली तयार अक्षरे आहेत. दोन टिंबांच्या ओवर उतरती रेघ दिलेले तयार अक्षर मात्र नाही. ते मूळ अक्षर आणि सुटी खूण मिळून बनवावे लागते, आणि फॉन्टमध्ये ती सुटी खूण बसवण्याची सोय नसली की ती घसरते किंवा चौकोन उमटतो.

उपाय सोपा आहे. सहाव्या स्वरासाठी वाय हे अक्षर घ्या. वायवर तिन्ही खुणांची तयार अक्षरे आहेत. 'य' साठी तुम्ही वाय वापरत असाल तर त्याला जर्मनसारखा जे द्या. शिवाय सर्व मजकूर एकदा तयार अक्षरांच्या रूपात बदलून घ्या, नाहीतर दिसायला अगदी सारखा असलेला शब्द शोधताना सापडणार नाही, कारण एकीकडे तो एका संकेतांकाने लिहिलेला असतो आणि दुसरीकडे दोन.

टंकलेखनाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तुम्हा भावंडांचा वाद मला तिथेच अडकलेला दिसतो. व्हिएतनामी माणूस टेलेक्स या टंकन पद्धतीत शब्दानंतर एस, एफ, आर, एक्स किंवा जे दाबतो आणि पडद्यावर ते अक्षर न उमटता स्वरावर सुराची खूण बसते. भावाला एच आणि एक्स दाबू द्या, कागदावर तुमच्या खुणा येऊ द्या. असा कळफलक बनवणे दोन दिवसांचेही काम नाही.

लष्करवासी:

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री पुस्तिकेची चार पाने पेन्सिलीने मोजली. निम्म्याहून अधिक शब्द उंच सुराचे निघाले, म्हणून उंच सूर आता कोरा राहील. स्वराने सुरू होणारा प्रत्यय आमच्याकडे आहे, अनेकवचनाचा 'आ', आणि 'लोहा' भावाला फोनवर वाचून दाखवल्यावर त्याने एच सोडला. दाबायच्या कळा मात्र त्याच्याच राहतील. सहावा स्वर वायने लिहून पहिले पान पुन्हा उतरवले आहे. पाणी आता नुसते एल-ओ आहे, पिणे म्हणजे त्याच ओवर उतरती रेघ आणि तहान म्हणजे टोपी. तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आहेत आणि ते एका घरातले दिसतात.