ॲन ऑफ ब्रिटनी 'बिचारी' होती म्हणे

किल्लेदार :
परवा एका ग्रुपवर इतिहासाची पोस्ट फिरत आली. "चौदा वर्षांच्या ॲनला आधी एका फ्रेंच राजाने उचललं, तो मेल्यावर दुसऱ्याने, दोघांनी मिळून हुंड्यात आख्खी ब्रिटनी गिळली आणि बिचारी नुसती रडत राहिली." खाली रडक्या इमोजींची रांग. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी स्क्रोल करा.

ब्रिटनी, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या पश्चिम टोकाचं तेव्हाचं वेगळं संस्थान, ॲनने घालवली नाही, तिच्या बापाने, ड्यूक फ्रान्सिसने घालवली. जुलै १४८८ मध्ये सँ-ओबँला फ्रेंचांनी त्याच्या फौजेला धुऊन काढलं, ऑगस्टमध्ये त्याने तहावर सही केली की माझ्या पोरींची लग्नं फ्रान्सच्या राजाला विचारल्याशिवाय होणार नाहीत, आणि सप्टेंबरमध्ये स्वतः सुटला. मागे अकरा वर्षांची ॲन, तिची धाकटी बहीण इझाबो आणि खडखडाट झालेला खजिना. त्या पोरीने काय केलं? डिसेंबर १४९० मध्ये तो तह धाब्यावर बसवून थेट ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनशी लग्न लावलं. नवरा आलाच नाही, त्याचा माणूस पोल्हाइम रेनला आला, दरबाराच्या देखत एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा करून तिच्या अंथरुणात घातला, झालं लग्न! पुढच्या वर्षी फ्रान्सचा राजा चार्ल्स आठव्याने रेनला वेढा घातला तेव्हा नवरोबा हंगेरीच्या भानगडीत अडकलेले. ६ डिसेंबर १४९१ ला लांजेच्या किल्ल्यात तिला चार्ल्सशी लग्न करावं लागलं. इथे ती हरली, कबूल.

पण १४९८ बघा ना राव. ७ एप्रिलला चार्ल्स आंब्वाझच्या वाड्यात दाराच्या चौकटीवर डोकं आपटून गेला. ही एकवीस वर्षांची विधवा, एकही मूल जगलेलं नाही, ती सरळ ब्रिटनीत गेली, चार्ल्सने बंद पाडलेलं स्वतःचं दफ्तर परत सुरू केलं, स्वतःच्या नावाचं सोन्याचं नाणं पाडलं आणि त्यावर सालसुद्धा घातलं. जुन्या करारात कलम होतं की मुलगा नसताना राजा गेला तर हिने पुढच्या राजाशीच लग्न करायचं. पुढचा राजा लुई बारावा. ती म्हणाली करते, पण लुईसाहेब, तुमचं आधीचं लग्न वर्षाच्या आत मोडून आणा. जानेवारी १४९९ ला लग्न झालं ते नांतला, तिच्या वाड्यात, आणि करारात घालून घेतलं की ब्रिटनी फ्रान्सच्या गादीवर बसणाऱ्याकडे जाणार नाही, दुसऱ्या अपत्याकडे जाईल, मुलगा नसला तर मुलीकडे. ह्या बाईला बिचारी म्हणायचं?

फटकळ_मावशी :
किल्लेदार, पोस्ट भंगार आहे, पण तुमचं उत्तर वाचून मला ती पोस्टच बरी वाटायला लागलीय. वेढ्यात अडकलेली, भाडोत्री सैनिकांचे पगार थकलेले, असल्या चौदा वर्षांच्या मुलीने "लग्न केलं" म्हणे. तिच्याकडे दुसरा पर्याय काय होता? आणि ते दुसरं लग्न, ज्याचं एवढं कौतुक चाललंय, ते कुणाच्या जिवावर? लुईची पहिली बायको जान, लुई अकराव्याची मुलगी, बावीस वर्षं संसाराला झालेली. कोर्टात पुरुष बसून तिच्या शरीराच्या व्यंगावर चर्चा करतात आणि ती बाई ठाम सांगते की मी ह्याची बायको आहे. शेवटी पोप अलेक्झांडरने लग्न रद्द ठरवलं, बदल्यात त्याच्या चिरंजीवांना, सीझर बोर्जियाला, फ्रान्समध्ये ड्यूकगिरी. त्या जानबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही. "आधीचं लग्न मोडून आणा" हे वाक्य तुम्हाला मर्दानी वाटलं ना? मला नाही वाटलं.

दप्तरखाना :
दोघांचंही मुळातच चुकतंय. ॲन कायद्याने डचेस, म्हणजे ब्रिटनीच्या गादीची हक्कदार, होती का, हा प्रश्न कुणी विचारतच नाहीये.

१३४१ ला ड्यूक जाँ तिसरा निपुत्रिक गेला. एका बाजूला पुतणी जान द पाँतिएव्र, दुसऱ्या बाजूला सावत्र भाऊ माँफोर. फ्रान्सचा फिलिप सहावा, ज्याची स्वतःची गादी १३२८ ला "बायकांकडून हक्क चालत नाही" ह्या मुद्द्यावर उभी, तो इथे पुतणीच्या बाजूने, कारण तिचा नवरा शार्ल द ब्लवा त्याचा भाचा. आणि इंग्लंडचा एडवर्ड, जो आईकडून फ्रान्सची गादी मागतो, तो इथे पुरुषाच्या बाजूने. कुणाला तत्त्वाशी देणंघेणं नव्हतं. तेवीस-चोवीस वर्षं मारामारी, १३६४ ला ओरेच्या लढाईत शार्ल ठार, १३६५ ला गेरांदचा तह. तहात काय ठरलं? माँफोर घराण्यात पुरुष असेपर्यंत बायकांना गादी नाही, आणि पुरुष संपले तर हक्क पाँतिएव्रकडे. म्हणजे १४८८ ला फ्रान्सिस मुलगा नसताना गेला तेव्हा ॲनचा नंबरच लागत नाही. आणि पाँतिएव्रचा हक्क १४८० लाच लुई अकराव्याने त्या घराण्याच्या निकोलकडून विकत घेऊन ठेवलेला. त्यामुळे चार्ल्सने "गिळलं" वगैरे म्हणताना जरा कागद बघा.

किल्लेदार :
दप्तरखाना, तुमच्या कागदाचं एक पान गहाळ आहे. १४२० ला ह्याच पाँतिएव्रवाल्यांनी ड्यूक जाँ पाचव्याला जेवायचं आमंत्रण देऊन वाटेत पळवला, महिनोन्महिने डांबून ठेवला. त्यानंतर त्यांची मालमत्ता जप्त. तहातली एक बाजू धन्यालाच कोंडून ठेवते, मग तो तह फक्त दुसऱ्या बाजूने पाळायचा? आणि १४८६ ला ब्रिटनीच्या सभेने ॲन आणि इझाबोला वारस मानून रीतसर शपथ घेतली होती. देशाने मान्य केलं, पॅरिसने काय विकत घेतलं ते पॅरिसकडे.

मावशी, जानबद्दल तुमचा मुद्दा घेतला. पण बायको बदलायची हौस लुईची होती, ॲनची नाही. हा लुई सँ-ओबँला ब्रिटनीच्या बाजूने लढला होता आणि तीन वर्षं कैदेत सडला होता, हे कुणी लिहीत नाही.

फटकळ_मावशी :
घेतला म्हणे, उपकारच झाले.

सातबारा :
मी ह्या विषयातली नाही, पण ते "दुसऱ्या अपत्याकडे जाईल" वाचलं आणि थांबले. मग गेली का ब्रिटनी दुसऱ्या मुलीकडे?

दप्तरखाना :
छे. मोठी क्लोद, धाकटी रने. ॲन जानेवारी १५१४ ला गेली, चार महिन्यांत क्लोदचं लग्न फ्रान्सिसशी, तोच पुढे फ्रान्सचा राजा फ्रान्सिस पहिला. ॲनला हे लग्न शेवटपर्यंत नको होतं, तिला क्लोदसाठी हॅब्सबर्गांचा चार्ल्स हवा होता, १५०४ ला तसा तहही झाला होता, लुईने दोन वर्षांत फिरवला. करारानुसार ब्रिटनी रनेची, तिला मिळाली नाही. १५२८ ला तिला इटलीत फेरारात दिली, एर्कोले देस्तेला, आणि लग्नाबरोबर ब्रिटनीवरचा हक्क सोडल्याचा कागद. बदल्यात शार्त्रची जहागीर वगैरे.

सातबारा :
म्हणजे हक्कसोड. बघा, पाचशे वर्षांनी काही बदललं नाही. माझे वडील गेले, तेराव्याला मांडव उतरायच्या आत मोठा भाऊ फाईल घेऊन आला, पहिलं पान वाचायला मागितलं तर वहिनी म्हणे "ताई, तुमच्या लग्नात काय कमी केलं होतं का?" काका-मामा सगळे गप्प. सही केली मी. आता रस्ता आला त्या जमिनीतून, मोबदला मिळाला, मला राखीला साडी. रनेला निदान शार्त्र मिळालं.

बांधावरचा :
ताई, एकाच बाजूने बोलू नका. आमच्याकडे तीन आत्यांनी सही दिली नाही, केस लागली, वावर पडीक, विहिरीची मोटर चोरीला गेली, वडील तारखा करत म्हातारे झाले. बहिणींचा हक्क असतो पण जमीन कसतं कोण? पोटाला चिमटा काढून लग्नं कुणी केली?

सातबारा :
लग्नं केली म्हणून जमीन तुमची? हेच फ्रान्सिस पहिला म्हणाला असेल रनेला. शिवाय कायदा बघा, महाराष्ट्रात १९९४ लाच मुलींना हक्क दिला, पण २२ जूनच्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राचा २००५ ला, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाप तेव्हा हयात असो नसो, मुलगी जन्माने वारस.

बांधावरचा :
कोर्टाला सांगा नांगर धरायला.

फटकळ_मावशी :
बांधावरचे, तुमच्या आत्यांना विचारलंत का कधी की त्यांना वाटा हवा होता का मान? आणि "पोटाला चिमटा काढून" हा डायलॉग बंद करा हो, प्रत्येक भावाकडे तोच असतो.

बांधावरचा :
तुम्ही पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये बसून शहाणपण शिकवता, तुम्हाला वावराचं काय कळतं? जाऊ द्या.

किल्लेदार :
अहो काय चाललंय! धागा ब्रिटनीचा आहे. भावाबहिणींची भांडणं करायला दुसरा काढा.

सातबारा :
दुसरा कशाला, हाच विषय आहे. तुम्ही ॲनने किती हुशारीने कलम घालून घेतलं ते सांगितलंत. कलम कुणी पाळलं ते सांगा ना. आईने धाकटीच्या नावाने लिहून ठेवलेलं आई गेल्यावर मोठ्या जावयाने खाल्लं. मग हुशारी कसली?

नांतवासी :
मध्ये बोलतो. मी इथेच राहतो, नांतला, आणि ड्यूकांच्या किल्ल्यावरून रोज जातो. खंदकाच्या पुढे उभं राहिलं की चक्क ॲनचं शहर वाटतं. पण कागदावर नांत ब्रिटनीत नाहीच! १९४१ ला, महायुद्धातल्या विशी सरकारने हा जिल्हा वेगळा काढला, १९५६ ला प्रांत ठरवताना परत तेच, आता आम्ही पेई-द-ला-लवार प्रांतात. लोक अजून चिडतात, गाड्यांच्या मागे "४४ = बीझेडएच" चे स्टिकर, ४४ म्हणजे आमचा जिल्हा, बीझेडएच म्हणजे ब्रेटन भाषेतल्या ब्रिटनीच्या नावाचं लघुरूप. ऑफिसमध्ये कुणी "ब्रिटनी म्हणजे रेन" म्हणालं की डबा बाजूला ठेवून वाद सुरू होतो. ॲनचं हृदय सोन्याच्या डबीत घालून नांतला आणलं होतं, ती डबी २०१८ ला म्युझियममधून चोरीला गेली, मग पोलिसांना सापडली. त्या आठवड्यात इथे असं वातावरण होतं की जणू घरातलंच कुणी गेलंय.

आणि किल्लेदार, तुम्ही १५३२ विसरलात. वान्नच्या सभेने स्वतःच फ्रान्सिसकडे जोडून घ्यायची मागणी केली, बदल्यात ब्रिटनीच्या सभेच्या मंजुरीशिवाय नवा कर नाही अशी हमी. ती १७८९ पर्यंत टिकली. ॲनच्या कलमापेक्षा हे जास्त कामाला आलं.

दप्तरखाना :
"स्वतःच" म्हणजे? राजा फौजफाटा घेऊन दारात आणि सभेतल्या लोकांना पेन्शनी वाटलेल्या. ह्याला मागणी म्हणत असाल तर सातबारा ताईंची सहीपण स्वेच्छेचीच म्हणा.

सातबारा :
बघा, आता कळतंय तुम्हाला.

किल्लेदार :
रनेचं मान्य, कलम मोडलं. पण मोडलं जावयाने, ॲनने नव्हे. १४९८ नंतर ती जिवंत असेपर्यंत ब्रिटनीचा कारभार ब्रिटनीच्या नावाने चालला. १५०५ ला नवऱ्याशी बिनसल्यावर तिने महिनोन्महिने ब्रिटनीचा दौरा केला, गावोगाव डचेस म्हणून मिरवली आणि लुई पत्र लिहून बोलावत राहिला. बिचारी असं करत नाही एवढंच माझं म्हणणं.

फटकळ_मावशी :
माहेरी जाऊन राहिली, हे आपल्याकडे रोज होतं. त्याने जमीन वाचत नाही.

किल्लेदार :
मावशी, तुमच्यापुढे ॲनपण टिकली नसती.

दप्तरखाना :
विषय बदलू नका. १४२० ची पळवापळवी मानली. पण जप्तीने इस्टेट जाते, वारसाहक्क जातो हे कुठल्या कागदात? तेवढं दाखवा, मी ॲनला डचेस म्हणतो.

किल्लेदार :
हक्क शाबूत होता तर साठ वर्षं पाँतिएव्रवाल्यांना गिऱ्हाईक मिळेना, आणि मिळालं ते ब्रिटनीवर आधीच डोळा असलेलं. असल्या खरेदीखताला तुमच्या आवडत्या कोर्टात काय म्हणतात ते सातबारा ताईंना विचारा.

सातबारा :
मला नका विचारू, माझ्याकडे सही करून झालेला कागद आहे. झेरॉक्स पण दिली नाही.