स्टार्टर उतरवण्याआधी अर्थिंग बघा
बरेच दिवस उभी राहिलेली गाडी नवी बॅटरी टाकूनही सुरू होत नाही, सेल्फ नुसता टकटक करतोय, म्हणजे स्टार्टरच (इंजिन फिरवणारी मोटर) गेला, असं बरेच जण म्हणतात. शक्य आहे, पण स्टार्टर उतरवण्याआधी अर्थिंगची केबल (बॅटरीचं निगेटिव्ह, बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी) बघाच. आमची गाडी गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळ कळंब्याला पत्र्याच्या शेडखाली जवळजवळ तीन महिने उभी होती. मीही आधी बॅटरीच बदलली, दोन दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी उद्यमनगरातल्या वायरमननं मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. सव्वा व्होल्टचा फरक! तो साधारण ०.२ च्या आत पाहिजे. इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या केबलच्या बोल्टखाली गंज धरला होता. पॉलिश पेपरनं घासून बोल्ट घट्ट केला, वरून व्हॅसलिन लावलं. स्टार्टर आजही तोच आहे.

गाडी बरेच दिवस उभी ठेवताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा, असा सल्ला देतात. तो बरोबरच आहे, पण त्यानं फक्त चार्ज वाचतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ओल कुठंच सुटत नाही, त्यामुळं गाडी उभी करतानाच अर्थचे बोल्ट साफ करून व्हॅसलिन चोळून ठेवा.