पत्नीच्या सगळ्या तपासण्या आधी झाल्या, माझी शेवटी : आता आययूआय करावे की थेट इक्सी?

नमस्कार. आम्ही दोघे अडीच वर्षांपासून मूल व्हावे म्हणून प्रयत्न करीत आहोत. पत्नीचे वय ३३ आहे, माझे ३७. तिची पाळी नियमित आहे. गर्भनिरोधक न वापरता बारा महिने नियमित संबंध येऊनही गर्भ राहिला नाही तर तपासण्या सुरू कराव्यात, आणि स्त्रीचे वय ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर सहा महिन्यांतच कराव्यात, हे आम्हाला ठाऊक होते. त्यामुळे वर्ष उलटताच आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पुढे जे झाले त्यातूनच आययूआय आणि इक्सी या गर्भधारणेच्या दोन उपचारांविषयीचा माझा प्रश्न निर्माण झाला आहे, म्हणून ते थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या दवाखान्यात सर्व तपासण्या पत्नीच्याच झाल्या. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी), सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी औषध सोडून काढायचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी. एचएसजीच्या वेळी तिला फार वेदना झाल्या आणि घरी येईपर्यंत ती ओटीपोट धरून बसली होती. सगळे अहवाल चांगले आले. एएमएच २.१ होते, दोन्ही नलिका मोकळ्या होत्या आणि सोनोग्राफीत स्त्रीबीज वेळेवर फुटत असल्याचे दिसत होते. तरीही तिला पाच महिने क्लोमिफीन देण्यात आले. हे औषध मुख्यतः ज्यांचे स्त्रीबीज नियमित तयार होऊन फुटत नाही त्यांच्यासाठी आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्या पाच महिन्यांत तिची डोकेदुखी आणि अंगातून निघणाऱ्या गरम वाफा मी रोज पाहत होतो. माझी वीर्यतपासणी करावी असे त्या दवाखान्यात कोणी सुचवले नाही आणि मीही आपणहून विचारले नाही. विचारायला हवे होते, ही गोष्ट मला आजही टोचते.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत माझा अहवाल मागितला. तीन आठवड्यांपूर्वी तपासणी झाली. वीर्य २ मिलिलिटर, दर मिलिलिटरला ९० लाख शुक्राणू, त्यांपैकी पुढे सरकणारे २२ टक्के आणि योग्य आकाराचे ३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतील किमान मर्यादा अनुक्रमे १.४ मिलिलिटर, १ कोटी ६० लाख, ३० टक्के आणि ४ टक्के अशा आहेत. म्हणजे वीर्याचे प्रमाण सोडले तर बाकी सर्व आकडे खाली आहेत. या डॉक्टरांचे मत पडले की वेळ न दवडता इक्सी करावी. दुसरे मत घेण्यासाठी आणखी एका डॉक्टरांना भेटलो, तर ते म्हणाले की आधी तीन वेळा आययूआय करून पाहू.

दोन्ही उपचार मला समजले आहेत ते असे. आययूआयमध्ये धुऊन निवडलेले शुक्राणू बीज फुटण्याच्या सुमारास बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात आणि फलन शरीरातच होते. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर फलन करण्याच्या उपचारात, पत्नीला साधारण आठ ते चौदा दिवस इंजेक्शने घ्यावी लागतात, मधूनमधून सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या होतात, नंतर भूल देऊन सुईने स्त्रीबीजे काढतात आणि प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ तीन ते पाच दिवसांनी गर्भाशयात सोडतात. इक्सी हा आयव्हीएफचाच प्रकार आहे, त्यात एवढाच फरक की एकेका बीजात एकेक शुक्राणू टोचला जातो. पुरुषाकडील कमतरतेसाठीच ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झाली.

माझी अडचण अशी की उणीव माझ्या अहवालात असताना सगळी इंजेक्शने, भूल आणि शस्त्रक्रिया तिच्या वाट्याला येणार आहे. ती तयार आहे. ती म्हणते की आता आणखी थांबणे नको. पण एकाच अहवालावर तिला एवढ्या मोठ्या उपचाराला सामोरे जायला लावणे मला योग्य वाटत नाही. माझ्या बाजूने अजून काही तपासण्यासारखे किंवा सुधारण्यासारखे आहे का? या आकड्यांवर आययूआयचा प्रयत्न करण्यात अर्थ आहे का, की त्यात तिचे सहा महिने आणखी वाया जातील? मी धूम्रपान करीत नाही, मद्य घेत नाही. मधुमेह नाही. तपासणीच्या दीड महिना आधी जोराचा ताप येऊन आठवडाभर अंथरुणाला खिळलो होतो, तेवढे एक सोडले तर गेल्या वर्षात कोणताही आजार झालेला नाही.

प्रतिसाद १

आपण शेवटी जाताजाता लिहिलेले वाक्य मला या संपूर्ण प्रश्नात सर्वांत महत्त्वाचे वाटते. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते, आणि जोराच्या तापात शुक्राणू तयार होण्याचे काम बिघडते. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर पक्व होऊन बाहेर येण्यासाठी आणखी काही दिवस जातात. तापानंतर दीड महिन्याने दिलेल्या नमुन्यात त्या तापाचाच परिणाम दिसलेला असू शकतो. आज तापाला नऊ आठवडे झाले. आणखी एक महिना थांबून, दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळून, त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी. ताप आला नसता तरीही एकाच अहवालावर निर्णय घेऊ नये, कारण एकाच पुरुषाचे आकडे दोन नमुन्यांत बरेच वेगळे येऊ शकतात.

दरम्यान पुरुष वंध्यत्वाचे काम करणाऱ्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शारीरिक तपासणी करून घ्यावी. आपल्या लिखाणात तिचा उल्लेखच नाही, आणि व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, हाताने तपासूनच प्रथम लक्षात येतात. दर मिलिलिटरला एक कोटीपेक्षा कमी शुक्राणू असतील तर एफएसएच (शुक्राणूनिर्मितीला चालना देणारे संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी होणे आवश्यक आहे. पन्नास लाखांच्या खाली गेले तर जनुकीय तपासण्याही कराव्या लागतात. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो : अशक्तपणा वाटतो म्हणून कोणी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले तर ते घेऊ नका, त्याने शुक्राणूंची निर्मिती थांबू शकते.

आता आययूआयविषयी. आपल्या आकड्यांचा गुणाकार केला तर संपूर्ण नमुन्यात पुढे सरकणारे शुक्राणू सुमारे ४० लाख होतात. धुतल्यावर ते आणखी कमी होतात, आणि एवढ्या संख्येवर आययूआयचे यश फार कमी असते. म्हणून इक्सी सुचवणारे डॉक्टर चुकलेले नाहीत. त्यांच्या हातात तोच एक अहवाल होता. पुढच्या अहवालात हा आकडा कोटीच्या वर गेला तर तीन आययूआय करून पाहणे वाजवी ठरेल, आणि तो इतकाच राहिला तर इक्सीच बरी. ३३ व्या वर्षी, चांगले एएमएच असताना, एका महिन्याने काही बिघडत नाही. मात्र हा थांबण्याचा निर्णय पत्नीला विचारूनच घ्या, कारण वाट पाहण्याचा थकवाही त्यांच्याच वाट्याला येतो.

प्रतिसाद २

मी स्वतः इक्सीतून गेले आहे, म्हणून ताईंसाठी दोन शब्द. इक्सीची वेळ आलीच तर केंद्राला ‘गर्भ राहण्याचे प्रमाण किती’ असे विचारू नका. उपचार सुरू केलेल्या तुमच्या वयोगटातील स्त्रियांपैकी किती जणींना मूल झाले, ते विचारा. अंडाशये जास्त उत्तेजित होऊन पोटात पाणी साचण्याचा त्रास टाळण्यासाठी कोणती पद्धत वापरणार, हेही इंजेक्शने सुरू होण्याआधी समजून घ्या. एका वेळी एकच गर्भ सोडण्याचा आग्रह धरा, कारण जुळ्यांच्या गरोदरपणात आई आणि बाळे दोघांनाही धोका वाढतो. फॉलिक ॲसिड अजून सुरू नसेल तर डॉक्टरांना विचारून आजच सुरू करा.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. तापाचा संबंध आम्हाला कोणीच सांगितला नव्हता, आणि मीही तो दोन्ही डॉक्टरांना सांगितला नव्हता. हे सर्व पत्नीने माझ्या शेजारी बसून वाचले. एक महिना थांबायला ती तयार आहे, पण तिने एक अट घातली आहे : माझ्या शारीरिक तपासणीची वेळ मी याच आठवड्यात घ्यायची आणि त्या भेटीला तीही सोबत येणार. फॉलिक ॲसिड पहिल्या दवाखान्याने सुरू केले होते, ते चालू आहे. दुसरा अहवाल आला की आकडे इथेच लिहीन.